लिलाव दाखवू नका, बिलियर्ड्स कापू नका

संपादक महोदय,
रशियन नाटककार चेकॉव्हच्या ‘चेरीच्या बागे’चा सिनेमा करायचा तर संवाद निम्मे करा आणि कॅमेरा घराबाहेर काढा, असा सल्ला रविवार पुरवणीतील लेखात आहे. सल्ल्याचा दुसरा भाग नाटकाच्या मुळावरच येतो.

तिसऱ्या अंकात घरात नाच चालू आहे आणि तिकडे शहरात, २२ ऑगस्टला, कर्जापायी त्याच घराचा-बागेचा, इस्टेटीचा लिलाव. तो आपल्याला दिसत नाही. कोणी परत येते का, ही वाट पाहणे हाच त्या अंकातला ताण. लिलावाचे दृश्य घातले की निकाल आधीच फुटतो आणि मालकीण रानेव्हस्कायाची घालमेल नुसती बडबड वाटू लागते.

तिचा भाऊ, बिलियर्ड्सचा शौकीन गाएव्ह, लिलावाहून परततो तेव्हा एका हातात खारवलेल्या मासळीचे पुडके, दुसऱ्या हाताने डोळे पुसतोय. इतक्यात शेजारच्या खोलीतून बिलियर्ड्सच्या चेंडूंचा आवाज येतो. त्याचा चेहरा पालटतो, रडे थांबते. नाट्यगृहात मागच्या रांगांना हे निसटते. सिनेमात एक क्लोजअप पुरतो. मात्र टेबलाचा शॉट नको. आवाज फक्त ऐकू यावा, चेहरा तीन-चार सेकंद कापू नये. आणि हे जमायचे तर पहिल्या अंकापासूनची त्याची ‘पिवळा कोपऱ्यात’ ही बिलियर्ड्सची असंबद्ध पुटपुट ठेवावीच लागते. संवाद निम्मे करणाऱ्याची कात्री पहिल्यांदा तिच्यावरच चालते!

कापायचे ते वेगळे. बाहेर उणे तीन अंश थंडी आणि तरी चेरी फुललेली, हे तोंडाने सांगायला नको. तोंडातून निघणारी वाफ आणि खिडकीतला बहर पुरे. व्यापारी लोपाखिन इस्टेट वाचवायला उन्हाळी बंगल्यांसाठी प्लॉट पाडण्याचे गणित (वर्षाला पंचवीस हजार रूबल) मांडतो, तेव्हा कॅमेरा न ऐकणाऱ्यांवर हवा.

राहिला संथपणा. १९०४ च्या प्रयोगात शेवटचा अंक ४० मिनिटे ताणला, तो जास्तीत जास्त १२ मिनिटांचा आहे, अशी तक्रार खुद्द चेकॉव्हने पत्रात केली होती. म्हणून संहितेला कात्री लावण्याआधी घड्याळ लावून वाचन घ्यावे. बोलणे एकमेकांवर चढू द्यावे, पण प्रत्येक नटाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा; एकाच ट्रॅकवर चढलेली वाक्ये संकलनात सुटी करणे फार अवघड जाते, आणि मग बरेचदा नाइलाजाने तो अख्खा टेक जसाच्या तसा ठेवावा लागतो.

– एक वाचक, पुणे