भुसावळच्या नानांचे जाहीर आभार

आदरणीय नानांस, अमळनेरहून सप्रेम नमस्कार.

आपण मेहनताना तर घेतला नाहीच, वर गाडीभाड्याचे पैसेही माझ्या टेबलावर ठेवून निघून गेलात. म्हणून निदान आभार तरी चार लोकांसमोर मांडावेत, असे ठरवले. पत्रात तांत्रिक तपशील मुद्दाम सविस्तर देते आहे. नवा कॉम्प्युटर जुळवला पण त्यावर विंडोज बसत नाही, म्हणून अडलेली मंडळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कमी नसतील. आणि आपण नेमके काय केले हे न सांगता नुसते धन्यवाद म्हटलेले आपल्यालाही रुचणार नाही.

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्या छापखान्यातल्या जुन्या यंत्रात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप) नव्हते, त्यामुळे विंडोज ११ साठी नवे यंत्र घेणे भाग होते. भाच्याने सुटे भाग मागवून ते घरीच जुळवले: बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी (नवी वेगवान डिस्क), आणि जुन्या यंत्रातून काढून लावलेली हार्ड डिस्क, जिच्यात लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुके आणि सखाराम महाराजांच्या यात्रेची पत्रके असे आमचे सगळे काम साठवलेले आहे. यंत्र पहिल्याच बटणाला सुरू झाले, पण विंडोज काही केल्या बसेना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली आणि पत्रिकांची कामे खोळंबलेली, अशा वेळी एका परिचितांनी आपला नंबर दिला. रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार विभागातून निवृत्त झालेला माणूस आमच्या कॉम्प्युटरचे काय करणार, अशी शंका घरात एकाने बोलून दाखवली होती, हेही आता सांगून टाकते.

आपले पहिले वाक्य मला अजून आठवते: “ताई, आधी जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढा, मग पुढे बोलू.” त्या एका वाक्याचे मोल मला नंतर कळले. त्या वेळी सेटअपच्या यादीत नवी एसएसडी दिसतच नव्हती, फक्त जुनी हार्ड डिस्क दिसत होती, आणि तिच्यावर विंडोज बसवू म्हटले की ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय यंत्रणेवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते’ असा संदेश येत होता (एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती, आणि ईएफआय म्हणजे यंत्र सुरू करणारी नवी यंत्रणा). एका दुकानदाराने फोनवरून तोडगाही सांगितला होता: डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडणारा विंडोजचा प्रोग्राम) उघडा, क्लीन आज्ञा द्या, सगळे साफ होईल. साफ झाले असते, यात शंका नाही. क्लीन दिल्यावर त्या डिस्कवरची पार्टिशनची नोंदच पुसली जाते, आणि आमचे सारे जुने काम तिच्यासोबत गेले असते. आपण दुसराही धोका सांगितला. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी स्वतः एका डिस्कवर बसते आणि सुरू होण्यासाठी लागणारा भाग दुसऱ्या डिस्कवर ठेवते. मग पुढे कधीतरी जुनी डिस्क काढली की नवे यंत्रही उठत नाही. म्हणून बसवताना यंत्रात एकच डिस्क असावी, हा आपला नियम मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

नवी डिस्क न दिसण्याचे कारण आपण फोनवरच शोधलेत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलची व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू होती. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क त्या नियंत्रकाच्या आड जाते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) नसेल तर यादीत येत नाही. मग ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा, किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणे) करायचे नसेल तर व्हीएमडी बंद करावी. आमच्याकडे एकच एसएसडी, म्हणून आपण ती बंद करायला लावलीत, आणि हा निर्णय विंडोज बसवण्याआधीच करायचा असतो, नंतर बदल केला तर बसलेले विंडोजही उठेनासे होऊ शकते, हे बजावलेत. डिस्क लगेच दिसली. आम्हाला वाटले, सुटलो.

खरी अडचण पुढेच होती. फायली उतरताना मध्येच सेटअप थांबायचा आणि शून्य-एक्स-८००७०२५डी हा क्रमांक दाखवून ‘आवश्यक फायली बसवता येत नाहीत’ म्हणायचा. ज्याला विचारावे तो पेनड्राइव्हला दोष देई. पारा चाळिशीच्या पुढे असल्याने काहींनी उन्हाळ्यालाही दोष दिला. खान्देशात यंत्र बिघडले की पहिला आरोपी ऊनच असते. आपण मात्र विचारलेत, “दर वेळी त्याच टक्क्याला थांबते, की वेगवेगळ्या?” हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. ते दर वेळी वेगळ्याच टक्क्याला थांबत होते. “ताई, स्क्रीन कुठे थांबले ते सांगते, का थांबले ते सांगत नाही,” असे म्हणून आपण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमळनेरला आलात.

त्यानंतर आपण जे केलेत त्यात चमत्कार काही नव्हता, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. आपण वही उघडलीत, एका वेळी एकच गोष्ट बदललीत आणि प्रत्येक बदलाचा परिणाम लिहिलात. उतरवून घेतलेल्या आयएसओ फाइलचा (विंडोज बसवण्याचे सगळे सामान असलेल्या फाइलचा) एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, माझ्या जुन्या यंत्रावर काढून मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्याशी ताडलात. तो अक्षर न् अक्षर जुळला, म्हणजे फाइल निर्दोष. मग स्वतःचा पेनड्राइव्ह लावलात, मग मागच्या बाजूचे साधे यूएसबी २.० पोर्ट वापरलेत, चूक तशीच. बायोसमधले एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सोय) बंद करून रॅम मूळ वेगावर आणलीत, तरीही तेच. तेव्हा आपण समजावलेत की विंडोजच्या फायली दाबून भरलेल्या असतात, त्या रॅममध्ये उलगडून मग डिस्कवर लिहिल्या जातात. रॅममध्ये एखादा बिट जरी उलटा झाला तरी उलगडलेला मजकूर चुकीचा ठरतो, आणि सेटअप बिचारा फाइलच वाचता येत नाही असे समजतो. फाइल चांगली, पेनड्राइव्ह चांगला, तरीही तक्रार फायलींचीच, हे कोडे तिथे सुटले.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवताना आपण दोन्ही रॅम एकत्र तपासल्या नाहीत. एक काढून दुसरी, पुन्हा जागा बदलून पहिली, असा क्रम ठेवलात. एक रॅम दोन्ही खाचांमध्ये निर्दोष निघाली. दुसरीने दोन्ही खाचांमध्ये लाल ओळी दाखवल्या. त्यामुळे दोष खाचेचा किंवा मदरबोर्डाचा नाही, त्या एका रॅमचाच आहे, हे कोणालाही दाखवता येईल इतके स्पष्ट झाले. भाचा तर मदरबोर्ड परत करायच्या तयारीत होता!

चांगल्या एकाच रॅमवर विंडोज विनातक्रार बसले. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घेतला नाही तर काही यंत्रे पुन्हा सुरुवातीपासून सेटअप उघडतात, हे आपण वेळेवर सांगितलेत. नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर नसल्याने इंटरनेट मिळेना, तेव्हा माझा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर काम भागवलेत. शेवटी यंत्र बंद करून जुनी डिस्क जोडली, आणि सगळ्या पत्रिका जागच्या जागी दिसल्या.

विक्रेत्याने परतीची मुदत संपली म्हणून हात वर केले होते, पण आपल्या वहीच्या पानांचे आणि लाल ओळींचे फोटो रॅमच्या कंपनीच्या वॉरंटी विभागाला पाठवल्यावर त्यांनी उलट प्रश्न न करता रॅम बदलून दिली. नवी आलेली रॅम आपल्याच पद्धतीने आधी एकटी तपासली, मग जोडी लावली. दोन्ही निर्दोष आहेत.

आपला पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिला आहे. भाचा येत्या आठवड्यात भुसावळला येणार आहे, त्याच्याबरोबर तो पाठवते. सोबत एका पाकिटात गाडीभाडे आहे. ते या वेळी परत पाठवू नये, ही विनंती.

आपली नम्र,
अमळनेरच्या छापखान्यातली ताई