जुना पार्ट मागून घेतला

किचनर, कॅनडा
१४ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

रविवारी गाडीच्या दुरुस्तीच्या बिलाचा आकडा तुमच्या कानावर पडला आणि तेवढ्यात आईने फोन काढून घेतला. मग तिने डॉलरचे रुपये करून "ऐंशी हजार!" असं जे म्हटलं, त्यानंतर मला पुढे बोलताच आलं नाही. ताई सांगत होती, तेव्हापासून तुमचं एकच चाललंय: गॅरेजवाल्याने नक्की काय काय बदललं? म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ताई मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. आईसाठी आधीच सांगून टाकतो, निम्मे पैसे परत आले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. तुम्ही फोनवरच म्हणाला होतात, पुढच्या ब्रेकच्या डिस्क गेल्या. तेच निघालं. घराजवळच्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, बघितली आणि एस्टिमेट लिहून दिलं: पुढचे पॅड आणि डिस्क, मजुरीसकट ५५०, वर १३ टक्के टॅक्स, एकूण ६२१.५० डॉलर. मी सही केली आणि बसने कामावर गेलो.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर हातात बिल १,३३३.४० चं. ब्रेकचे ५५० होतेच. त्याखाली डाव्या बाजूचा लोअर कंट्रोल आर्म (आईसाठी: चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा), टोकाच्या बॉल जॉइंटसकट, २४०. त्याची मजुरी १.८ तास, ताशी १४० प्रमाणे २५२. चाकांची अलाइनमेंट ११०. आणि 'शॉप सप्लाइज' म्हणून २८. हे शॉप सप्लाइज म्हणजे काय असं विचारलं तर म्हणाला, फडकी, स्प्रे, ग्रीस वगैरे. फडक्याचे पैसे! बसच्या डेपोत तुम्ही कॉटन वेस्ट पुरवून पुरवून वापरायचात ते आठवलं.

मी म्हटलं, हे काम मी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, चाक काढल्यावर जॉइंट हलताना दिसला, असं सोडून कसं देणार, आणि आम्ही फोन केला होता. मोबाइल बघितला. खरंच, ११ वाजून ४० मिनिटांनी एक मिस्ड कॉल. गोदामात आमचे फोन लॉकरमध्ये असतात. निरोप ठेवलेला नव्हता, परत फोनही नाही. एकदा घंटा वाजवली आणि काम करून मोकळे.

त्या वेळी मला राग आला त्यापेक्षा भीती जास्त वाटली. इथे बिल भागेपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी अडकवून ठेवता येते, कायद्यानेच. वाद असेल तर रक्कम कोर्टात भरून गाडी सोडवता येते म्हणे, पण दुसऱ्या दिवशी माझी शिफ्ट सकाळी ६ ची आणि त्या वेळेला बस नाही. म्हणून मुकाट्याने कार्डाने सगळे भरले. मात्र बिलाच्या दोन्ही प्रतींवर सहीच्या वर लिहिलं की जादा कामाला माझी परवानगी नव्हती, हरकत राखून पैसे देतोय. हे कुठून सुचलं कोण जाणे. तुम्ही पगाराच्या कागदांवर असंच काहीतरी लिहून सही करायचात, ते डोक्यात राहिलं असावं.

आणि आणखी एक गोष्ट केली, ती मात्र शंभर टक्के तुमची. म्हटलं, जुने पार्ट द्या.

आठवतं का, इस्लामपूरला राजदूत मोटरसायकलचं काम करून घेतलं की तुम्ही काढलेला पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकायचात? तो मिस्त्री हसायचा. माळ्यावरच्या त्या पत्र्याच्या पेटीत बेअरिंगं, प्लग, क्लच प्लेटा, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला आई तुमचा उद्धार करायची. मला लाज वाटायची, की आपल्या बाबांना कुणावर विश्वासच नाही. अण्णा, तुमची ती सवय इथे कायद्यात लिहिलेली आहे! ओंटारियो प्रांताचा २००२ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात आहे की काढलेले पार्ट दुसऱ्या गाडीच्या पार्टांत मिसळायचे नाहीत आणि ग्राहकाला स्वच्छ डब्यात घालून द्यायचे. गॅरेजवाल्याने कुरकुर न करता खोक्यात घालून, वर टेप मारून दिले. मी खोकं डिकीत टाकलं आणि विसरलो.

घरी येऊन रात्री तो कायदा वाचत बसलो. भाषा आपल्या सातबाऱ्यासारखी नाही, कळते. दुरुस्तीच्या प्रकरणात दोन गोष्टी सापडल्या. ग्राहकाने परवानगी न दिलेल्या कामाचे पैसे लावता येत नाहीत. आणि एस्टिमेट दिलं असेल तर बिल त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर जाऊ शकत नाही. फोनवर परवानगी घेतली म्हणायचं असेल तर कोणी दिली, कधी, कुठल्या नंबरवर, हे गॅरेजने लिहून ठेवायला लागतं. मिस्ड कॉल म्हणजे परवानगी नव्हे.

हिशेब केला. ६२१.५० वर दहा टक्के म्हणजे ६८३.६५. तेवढे तुझे, बाकीचे ६४९.७५ परत कर. खरं तर ते दहा टक्केही द्यायची गरज नव्हती असं माझं मत. पण भांडण मिटवायचं होतं, वाढवायचं नव्हतं, आणि ती फडकी तरी त्याने वापरली असतीलच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोंडी बोलून बघितलं. तो म्हणाला, "सेफ्टीचा प्रश्न होता." मी म्हटलं, मग गाडी खाली न घेता थांबायचं होतं, मी चार वाजता फोन बघितलाच असता. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग पत्र लिहिलं, एक पान, रागाचा एकही शब्द नाही. तारीख, एस्टिमेटचा आकडा, बिलाचा आकडा, कलम, परत करायची रक्कम. बिलाची आणि एस्टिमेटची प्रत जोडली आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. नियमाबाहेर घेतलेले पैसे वर्षभरात लेखी मागता येतात आणि मागणी पोचल्यावर १५ दिवसांत परत द्यावे लागतात. नाही दिले तर सरकारकडे तक्रार, शिवाय कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. पण तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी कार्डावर ६४९.७५ जमा. ना फोन, ना चिठ्ठी.

इथपर्यंत मी जिंकलो होतो, अण्णा. दोन दिवस जरा हवेतच होतो.

मग शनिवारी हिवाळ्याचे टायर काढायला डिकी उघडली आणि ते खोकं दिसलं. डिस्क तुम्ही सांगितल्याप्रमाणेच, कडेला बोट अडेल एवढी धार आलेली. त्याखाली कंट्रोल आर्म होता. गंजून खपल्या सुटलेल्या. इथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रत्नागिरी लायनीच्या बसचे तळ जसे व्हायचे तसे इथे सगळ्याच गाड्यांचे होतात. बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं, आत ग्रीस नाहीच, तांबूस चिखल. चांगल्या जॉइंटची पिन अंगठ्याने दाबूनही जड जाते असं तुम्ही शिकवलं होतंत. ही पिन मी आर्म तिरका केला तर आपल्या वजनाने लटकन खाली पडली. परत तिरका केला, परत पडली. पार्किंगमध्ये उभा राहून चार-पाच वेळा तेच करत होतो.

महामार्गावर ताशी १०० ने रोज जायचो मी यावर.

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. न विचारता केलं ही त्याची चूक, त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. पण आर्म गाडीला लागलाय, मी तो वापरतोय आणि त्याचे जवळजवळ काहीच दिलेले नाहीत. कायद्याने देणं नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. निदान पार्टचे २४० देऊन यावेत का?

काल ऑइल बदलायला मुद्दाम त्याच्याचकडे गेलो. आधीच्या प्रकरणाबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. गाडी वर होती तेव्हा त्याने मला लिफ्टखाली बोलावलं, उजव्या बाजूला पहार घातली आणि आर्म वर-खाली केला. मग काही न बोलता ऑफिसात जाऊन एस्टिमेट छापून आणलं: आर्म, मजुरी, अलाइनमेंट, टॅक्ससकट ६८०.२६. शॉप सप्लाइजची ओळ नव्हती. "घाई नाही, विचार करून सांगा," म्हणाला.

मी सही केलेली नाही. पहार हलवतानाचा व्हिडिओ ताईच्या फोनवर पाठवलाय, साधारण विसाव्या सेकंदाला कट् असा आवाज येतो. कानाचं मशीन लावून ऐका. हिवाळा निघेल, की आत्ताच करून घेऊ?

आईला सा. न. तिला ६८० सांगू नका.

तुमचा
धाकटा