रेंजरबाई, तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं

प्रिय रेंजरबाईंना,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, हे माहीत आहे. माझी मुलगी हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. पण लिहिणार मी माझ्याच भाषेत, आणि चारचौघांनी वाचावं असं उघडं लिहिणार. आभारच मानायचे तर ते कानात कशाला सांगायचे?

मी कोण ते आठवतंय का? ऑक्टोबरातली पावसाळी दुपार होती. साडीवर जाड जाकीट आणि पायात मुलीचे पांढरे बूट अशा अवतारात एक बाई अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल गावी, तुम्ही रेंजर म्हणून जिथे लोकांना माहिती सांगता त्या जुन्या कापडगिरणीच्या बूट कॉटन मिल्स म्युझियममध्ये आली. दारात दिलेले कानातले बोळे तिने मुठीतच धरले आणि मागांच्या दालनात जाऊन ती नुसती उभी राहिली. ८८ माग आहेत तिथे, त्यातले थोडेच चालू होते. तुम्हाला वाटलं बाईला चक्कर येतेय, म्हणून तुम्ही खुर्ची आणलीत. चक्कर नव्हती हो. आवाज ओळखीचा होता, एवढंच. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. मी लहान असताना त्यांना दुपारचा डबा द्यायला जायची, तेव्हा गेटापाशीसुद्धा हा आवाज पायातून वर चढायचा. बाबांना पुढे पुढे ऐकू येईनासं झालं. घरात आम्ही सगळे ओठ मोठे करून, हातवारे करून बोलायचो आणि पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय.

मुलगी मला सोडून ऑफिसला गेली होती, पाचला न्यायला येणार होती. माझं इंग्रजी बँकेच्या काउंटरपुरतं. तुमची नेहमीची फेरी संपली, मंडळी पांगली आणि तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. सावकाश बोललात, आकडे कागदावर लिहून दाखवलेत. तो कागद मी जपून ठेवलाय. पहिले आभार त्या कागदाचे.

तुम्ही धोटा, म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी नळी, आणून माझ्या हातात ठेवलात आणि विचारलंत, हे काय ते माहीत आहे का? मी तो तोंडाशी धरून, भोकातून सूत ओढल्यासारखा श्वास आत घेऊन दाखवला. बाबा तसंच करायचे. कांडी बदलली की धाग्याचं टोक ओठांनी ओढून काढायचं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तोच धोटा उद्या बदलीवाल्याच्या तोंडात. तुम्ही म्हणालात, इथेही असंच चालायचं, पुढे या राज्याने कायदा करून ते बंद केलं. तेव्हापासून आपलं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

खरं सांगते, मी आले होते ती एक गोड गोष्ट ऐकायला. मुलीने आधी वाचून दाखवली होती ना. फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ इंग्लंडात राहतो, तिथले यांत्रिक माग बघून डोक्यात साठवून आणतो. यंत्रं आणि त्यांचे नकाशे देशाबाहेर न्यायला इंग्रजांनी बंदी घातलेली होती. परत आल्यावर पॉल मूडी नावाच्या कारागिराच्या मदतीने तो वॉल्थमला गिरणी उभी करतो, जिथे कापूस आत जातो आणि कापड बाहेर येतं, सगळं एका छपराखाली. तो १८१७ मध्ये वारला. मग त्याचे भागीदार मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी शेतजमिनी घेतात, कालवे खोदतात, १८२३ मध्ये पहिलं कापड काढतात आणि गावाला त्याचंच नाव देतात. आणि त्या गिरण्यांत कामाला कोण? शेतकऱ्यांच्या तरुण पोरी. पंधरा ते तिशीच्या. स्वतःची कमाई, स्वतःचं बँकेतलं खातं, संध्याकाळी व्याख्यानं, स्वतः लिहिलेलं मासिकसुद्धा. गोष्ट गोडच आहे आणि खोटी नाही. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला १८२९ साली तिथे बचत बँक निघाली आणि तिच्यात मुलींच्या ठेवी होत्या, हे ऐकून काय वाटलं असेल! ज्या काळात लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची, त्या काळात या मुलींच्या हातात आठवड्याला तीन-साडेतीन डॉलर पडत होते, सव्वा डॉलर खानावळीचा धरून.

पण तुम्ही मला त्या गोष्टीवर सोडलं नाहीत.

आधी तुम्ही विचारलंत, या मुली घर सोडून आल्याच का? मी म्हटलं, गरिबी. तुम्ही मान हलवलीत, पण पुरतं पटलं नाही असं दिसलं. मग सांगितलंत ते असं : न्यू इंग्लंडची जमीन खडकाळ, त्यात १८२५ मध्ये ईरी कालवा झाला आणि पश्चिमेकडचं स्वस्त धान्य येऊ लागलं. हे एक. दुसरं मला सुचलं नसतं. शेतघरात सूत कातणं, कापड विणणं हे मुलींचंच काम. गिरणीचं कापड इतकं स्वस्त झालं की घरच्या चरख्याला अर्थ उरला नाही. म्हणजे गिरणीने आधी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं आणि मग ते हात कामाला लावले. हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या थांबलेल्या मागाकडे बघत बसले होते.

मग घंटा. तुम्ही नंतर टपालाने पाठवलेल्या पाकिटात १८५३ च्या वेळापत्रकाची प्रत आहे : पहिली घंटा पहाटे साडेचारला. आमच्याकडे भोंगा होता. लालबागेत घड्याळ कुणाला लागायचंच नाही. पण सूर्य बघून उठणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरीला ती घंटा कशी वाटली असेल? त्याच्या आधीच्या दशकात तर दिवसाचे बारा-तेरा तास काम, आठवड्याचे ७३ च्या आसपास. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. (हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. बाबांच्या बनियनवर कायम कापसाची लव असायची.) १८४५ मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे या मुलींनी साक्षी दिल्या. एकीने सांगितलं, तिच्या खोलीत संध्याकाळी २९३ लहान दिवे आणि ६१ मोठे दिवे पेटतात, आणि त्या धुरात १३० बाया, ११ पुरुष आणि १२ मुलं काम करतात. मला सगळ्यात आवडलं ते हे, की तिने दिवे मोजले होते. दहा तासांच्या दिवसाची मागणी घेऊन सारा बॅग्ली या गिरणीतल्याच बाईच्या संघटनेने हजारोंनी सह्या गोळा केल्या. समितीने हे आमचं काम नव्हे म्हणून हात झटकले. बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात व्हायला १८७४ साल उजाडलं.

तुम्ही मला मुलींची खानावळ दाखवलीत, ती मात्र मी कधी विसरणार नाही. लांब टेबल, मांडलेली ताटं, वर माडीवर ट्रंका आणि एकेका पलंगावर दोघी-दोघी. खानावळ कंपनीची, चालवणारी बाई बहुतेक विधवा. रात्री दहाला दार बंद. जेवायला जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास. मी तुम्हाला सांगितलं, माझी आई हेच करायची! दहा बाय बाराच्या खोलीत कोकणातून आलेले पंधरा गडी जेवायचे. गावी बायकामुलं, इथे एक वळकटी आणि आमच्याकडचं ताट. महिन्याचा हिशेब, न जेवलेल्या दिवसाचा खाडा धरून.

तेव्हा तुम्ही हॅरिएट हॅन्सनची हकीकत सांगितलीत. दहाव्या वर्षी कामाला लागलेली, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावणारी पोर. १८३६ मध्ये खानावळीचा वाढलेला खर्च मुलींच्या माथी मारला म्हणून संप ठरला. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली ऐन वेळी घुटमळल्या, तेव्हा ही अकरा वर्षांची पोर, कुणी या न या मी निघाले, असं म्हणून चालू लागली आणि मागे रांग लागली. पण तुम्ही त्यापुढचंही सांगितलंत. तिची आई विधवा, कंपनीचीच खानावळ चालवणारी. कंपनीच्या माणसाने तिला बोलावून सांगितलं, मोठ्या मुलींना आवरणं तुमच्या हातात नव्हतं, पण ही तर तुमची पोटची पोर होती. आणि खानावळ काढून घेतली.

त्यावर मी म्हटलं होतं, त्या पोरींचं एक बरं होतं, परत जायला शेत होतं. तुम्ही म्हणालात, अगदी बरोबर. १८३४ च्या संपात कित्येकींनी बचत बँकेतून पैसे काढले आणि सरळ गावची वाट धरली. पुढे दुष्काळातून पळून आलेले आयरिश लोक मागांवर आले, त्यांना परतीची वाट नव्हती, आणि गिरणीचा सूर बदलला. आमचे गडीही १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात असेच गावी गेले. भातलावणी करून येतो म्हणाले. कितीतरी आलेच नाहीत.

एवढ्यावर मी खूश होते. पावणेपाच झाले होते, तुम्हाला दिवे मालवायचे होते. तरी तुम्ही मला कापसाच्या गाठीपाशी नेलंत.

हा कापूस या राज्यात पिकत नाही, तुम्ही म्हणालात. आणि कागदावर दोन आकडे लिहिलेत : १७९० मध्ये अमेरिकेत गुलाम सुमारे सात लाख, १८६० मध्ये सुमारे चाळीस लाख. मध्ये एक रेघ आणि तिच्यावर १७९४, सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट. मी बघतच राहिले. मला वाटायचं, यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात. सरकी भराभर निघू लागली तशी कापूस लावायला आणि वेचायला माणसं जास्त लागली, आणि ती माणसं विकत घेतलेली होती. वर तुम्ही हेही सांगितलंत, की लॉवेलच्या मागांवर जाडंभरडं, आमच्या मांजरपाटासारखं स्वस्त कापड विणलं जायचं आणि मळेवाले ते गुलामांच्या अंगावर घालायला विकत घ्यायचे. कापूस त्यांनीच वेचलेला, कापडही त्यांच्याच अंगावर. गुलामगिरीचा विरोधक चार्ल्स समनर १८४८ मध्ये म्हणाला होता, चाबकाच्या धन्यांची आणि मागाच्या धन्यांची ही युती आहे.

संपावर गेलेल्या मुली गात होत्या, आम्ही गुलाम होणार नाही. त्यातल्या काहींनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्याही केल्या होत्या. आणि त्यांच्या मागावरचा धागा मात्र तिकडचा. हे तुम्ही सांगितलं नसतंत तर माझं काही अडलं नसतं. पाहुणी बाई, डोळे पुसत खूश होऊन घरी गेली असती. तुमचंच गाव, तुमच्याच डोक्यावरची ती सरकारी टोपी, आणि तरीही तुम्ही सांगितलंत. माझे खरे आभार या पंधरा मिनिटांचे आहेत.

मी त्याला जोड दिली तेव्हा तुम्ही वही काढलीत, हे बघून मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं. १८६१ मध्ये तुमची यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडला, तुमच्या लॉवेलच्या बऱ्याच गिरण्या बंद पडल्या. आणि आमच्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडात सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून झाला, ते प्रेमचंद रायचंद त्याच कापसाच्या तेजीतले. टॉवरखालून मी कॉलेजला जायची. त्याच्या पायात कुठलं युद्ध आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. खानावळ दाखवताना तुम्ही विचारलं होतंत, तुमच्या मुंबईच्या संपात खानावळीचे पैसे कोण देत होतं? मी ताठ मानेने म्हटलं, कुणी नाही. माझ्या आईने सगळ्यांना फुकट जेवू घातलं. तुम्ही हात जोडलेत. घरात आम्ही असंच सांगत आलोय. आईच्या दहाव्यालाही असंच सांगितलं गेलं.

तुमचं पाकीट आलं त्या आठवड्यात मी माळ्यावरून आईची ट्रंक काढली. १९८२ ची वही आहे. लाल पुठ्ठा, उंदराने एक कोपरा खाल्लेला. १८ जानेवारीला संप सुरू झाला. फेब्रुवारीपासून प्रत्येक नावापुढे ताटं मांडलीत, सकाळ-संध्याकाळ, आणि पैशाच्या रकान्यात ‘उधार’. दोघांनी गावाहून तांदूळ आणून दिले, ते किलोवर लिहिलेत. १ जुलैला आईने रेघ मारली आहे आणि नऊ नावांपुढे एकच शब्द : बंद. मागच्या पानांवर किराणावाल्याचा हिशेब आहे. त्याने आईला जूनमध्येच उधार थांबवलं होतं.

तर फुकट नव्हतं, रेंजरबाई. पाच महिने उधार होतं आणि मग नव्हतं.

अजून एक. गडी पंधरा होते, वहीत नावं सोळा. सोळावं नाव बाबांचं. त्यांचीही ताटं आईने रोज दोन वेळा लिहिलीत, शेवटच्या पानापर्यंत. खाडा एकही नाही. जमेची बाजू कोरी.

तुमची,
साडीवर जाकीट घालणारी