कुत्र्याच्या डोळ्यांत औषध घालण्याआधी अश्रू मोजा

महोदय,

पग, शिह त्झू, ल्हासा अॅप्सो, कॉकर स्पॅनियल या जातींच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत सतत साचणारी चिकट, हिरवट-पिवळी चिपडे म्हणजे डोळे आले असे समजून औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब आठवडेच्या आठवडे घातले जातात, ही चिंतेची बाब आहे. अनेकदा मूळ दुखणे अश्रूंच्या कमतरतेचे असते. शरीराची प्रतिकारयंत्रणाच अश्रुग्रंथींवर हल्ला करत असते.

ते ओळखणारी शिर्मर चाचणी जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये माणसांसाठी मांडली. टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीच्या आत अडकवून ती एका मिनिटात किती भिजते ते पाहायचे, इतकेच. निरोगी कुत्र्यात ओल साधारणपणे १५ मिलिमीटर किंवा त्यापुढे जाते. ती १० च्या खाली राहिली आणि लक्षणेही असली, तर कोरड्या डोळ्यांच्या विकाराची दाट शक्यता असते. पट्टी मात्र कोणतेही थेंब घालण्यापूर्वीच लावली पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो. त्यानंतर फ्लुरोसिन रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जखम हिरवी चमकते, आणि अशी जखम असताना घातलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी तो पडदा फाटूही शकतो.

वेळीच निदान झाले तर प्रतिकारयंत्रणेचा हल्ला आवरणाऱ्या सायक्लोस्पोरीन या औषधाने, बहुधा आयुष्यभराच्या उपचाराने का होईना, दृष्टी वाचू शकते. पशुवैद्यकांनी या पट्ट्या दवाखान्यात ठेवाव्यात आणि पालकांनी चाचणीचा आग्रह धरावा, ही कळकळीची विनंती.

— एक श्वानपालक, पुणे