पंगतीत धरायची राहिलेली माणसे

कोल्हापूर

प्रिय तात्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची खंत आहेच. पण आज लिहायला बसलो ते शनिवारी शाळेत जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही म्हणून. आईचे गुडघे तसेच आहेत, माझा खोकला गेला.

सातवीच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना शाळेत जेवू घालायचे ठरवले होते आणि महिनाभर तोच आमचा अभ्यास होता. पोषण आहाराच्या फलकावर सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले आहे. रोज त्याखालून जाणाऱ्या मुलांनी ते प्रथमच नीट वाचले आणि शिऱ्याचा हट्ट सोडून झुणका, मटकीची उसळ, भाकरी, आमटी-भात असा बेत केला. कपिलतीर्थ मंडईत कांद्याचे भाव विचारले, लक्ष्मीपुरीत ज्वारी हातात घेऊन पाहिली, आणि किलोभर पिठाच्या भाकरी किती होतात हे आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारून वहीत मांडले. दहा होतात.

गुरुवारी ती वही माझ्यापुढे आली. मला धरून ४५ पाहुणे, प्रत्येकी २, म्हणजे ९० भाकरी आणि ९ किलो पीठ. गुणाकार अचूक होता. वाढणारी १६ मुले आणि भाकरी थापणाऱ्या त्या दोघी मावशी मात्र त्यात कुठेच नव्हत्या. मला ते पाहताक्षणी दिसले आणि मी वही मिटून परत दिली.

का, ते तुला सांगायला नको. आपण शिक्षक व्हायला शिकत असताना सराव पाठात तराजू उलटा धरणाऱ्या मुलाच्या हातातून तू तो काढून घेतलास, तेव्हा मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. ‘चूक त्याची आहे, ती त्यालाच सापडू दे,’ असे मी किती आवेशाने म्हणालो होतो! त्या रात्री रागाच्या भरात तू मेसमध्ये नऊ भाकरी खाल्ल्यास. तो प्रसंग निघाला की तुझी वहिनी अजूनही पदर तोंडाला लावून हसते.

शनिवारी पाहुण्यांची पंगत फार सुरेख झाली. मुलांनी वाकून, नाव घेऊन, आग्रह करकरून वाढले. मीही पाहुण्यांबरोबर बसलो आणि दोन भाकरी खाल्ल्या. मग वाढप्यांची पाने मांडली, मावशींना हात धरून बसवले, आणि एका मुलीने बुट्टीत हात घातला तर हाताला नुसते फडके लागले. तिने ते उचलून झटकले, पुन्हा आत पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मावशी म्हणाल्या, ‘आम्हाला भूकच नाही बाळांनो, तुम्ही खावा.’ सकाळी सातपासून ९० भाकरी थापून त्यांचे तळवे लालभडक झाले होते. मुलांनी तळाशी राहिलेला भात आणि आमटी आधी त्या दोघींच्या ताटांत वाढली आणि उरलेले घास आपसांत वाटून घेतले. माझ्या घशात मात्र त्या दोन भाकरी अजून अडकल्या आहेत.

सोमवारी मुलांनी आपणहून फळ्यावर ४५ खोडून ६३ लिहिले. ३६ भाकरी कमी पडल्याचे मांडले. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली आणि मलाही दिली. प्रकल्प पद्धत मांडणाऱ्या किलपॅट्रिकच्या चार पायऱ्या आपण परीक्षेसाठी घोकल्या होत्या, हेतू, नियोजन, कार्यवाही, मूल्यमापन. त्यातले मूल्यमापन मुलांचे, असेच मी इतकी वर्षे धरून चाललो. तराजू चुकला असता तर फार तर वाटाणे सांडले असते. इथे चूक मुलांची, ती आधी ठाऊक असलेला मी, आणि उपाशी राहायची पाळी मात्र त्या हिशोबात न धरलेल्या बायकांवर आली. गुरुवारी ‘ताट कोणाकोणाला लागेल?’ एवढे जरी मी विचारले असते, तरी शोध मुलांचाच राहिला असता. हे मला शनिवारी रात्री सुचले, तात्या, आणि त्या चार दिवसांच्या अबोल्याची लाज वाटली. तराजू काढून घेण्यात तुझेही चुकले होते, असे मी आजही म्हणेन. पण तू निदान गप्प बसला नव्हतास.

मला आधी दिसले होते, हे मुलांना अजून ठाऊक नाही. उद्या पहिल्या तासाला सांगणार आहे. त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना सांगेन. ते मला जास्त जड जाणार आहे.

बदलीचे काय झाले? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. मे महिन्यात ये, आणि या पत्राचे उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहून पाठव.

तुझाच,
बंडू