अडकलेला सिलिंडर: आधी ताप द्या, हातोडी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉडेल विमानांची छोटी इंजिने शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि हौशी मंडळींच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडून असतात. पंखा फिरत नाही, सिलिंडर जागचा हलत नाही, म्हणून ती गॅरेजात जातात. तिथे एक्झॉस्टच्या खिडकीत स्क्रू-ड्रायव्हर घालून हातोडी मारली जाते आणि चांगले इंजिन भंगारात निघते. वाईट याचे वाटते, की यातली बरीच इंजिने बिघडलेली नसतात, नुसती चिकटलेली असतात.

चिकटवते ते एरंडेल. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉलबरोबर साधारण पाचवा हिस्सा तेल असते आणि जुन्या इंजिनांत ते बहुधा एरंडेलच. वंगण म्हणून उत्तम, पण हवा लागून ते आधी काकवीसारखे आणि पुढे लाखेसारखे घट्ट होते. उष्णतेने हे लवकर घडते. जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेले इंजिन घट्ट बसले तर नवल नाही.

उरलेले इंधन काढून इंजिन मोकळ्या हवेत पूर्ण सुकवावे. मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही, म्हणून गॅस किंवा मेणबत्ती जवळ नको. कार्बोरेटर, ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तारेची गुंडी), मागचे झाकण आणि रबरी रिंगा उतरवून ठेवाव्यात. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, स्क्रूंच्या खाचेतला मळ टाचणीने उकरल्याशिवाय ॲलन की लावू नये. ती अर्धवट बसली की खाच गोल होते. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा असे सैल करावेत. हेडखालच्या पातळ चकत्या मोजून ठेवाव्यात, कारण कॉम्प्रेशन त्यांवर ठरते. स्लीव्ह म्हणजे पिस्टन जिच्यात सरकतो ती सिलिंडरची नळी, आणि केस म्हणजे ती जिच्यात बसते ते इंजिनाचे बाहेरचे अंग. स्लीव्हची कड आणि केस यांवर पेन्सिलीने एक सलग खूण करावी.

आता ताप. २० मि.मी. व्यासाची ॲल्युमिनियमची केस १०० अंशांनी तापली की सुमारे ०.०४५ मि.मी. फुगते, पोलादी स्लीव्ह जेमतेम ०.०२४. म्हणजे दोन शतांश मिलिमीटरची फट मिळते आणि ती पुरते. पितळी स्लीव्ह जवळपास केसइतकीच फुगते, फट एक शतांशही होत नाही. तिथे उपयोग होतो तो एरंडेल मऊ पडण्याचा. मे महिन्यात गच्चीवर ठेवलेले इंजिन हाताला चटका देते, तरी तेवढ्याने भागत नाही. हीट गनने केसला सगळीकडून सारखा ताप द्यावा. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडाला, की शंभराच्या वर गेलो असे समजावे. तव्यातल्या वाळूत शेंगदाण्यासारखे भाजायला मात्र जाऊ नये, एक कण बेअरिंगचा घात करतो.

पिस्टन वरच अडकला असेल तर गरम असतानाच भोकात सैल जाईल अशा गोल लाकडी काठीने तो खाली दाबावा. पंख्याला पाना लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग एक्झॉस्टच्या खिडकीतून नायलॉनच्या केबल टायचा तुकडा पिस्टनच्या माथ्यावर सरकवावा आणि पंखा हाताने हळू फिरवावा. पिस्टन वर येताना तुकडा खिडकीच्या वरच्या कडेला टेकतो आणि स्लीव्ह उचलली जाते. स्लीव्ह किंचित उचलली तरी थांबून पुन्हा तापवावे. एक-दोन मिलिमीटर वर आली की कापडात धरून सरळ ओढावी. पिस्टनला रिंग असेल तर स्लीव्ह पिळू नये. रिंगेचे टोक खिडकीत अडकून तुटते. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर खिडकीच्या कडेला बारीक दात उठतो. तो नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही, आणि पिस्टन ओरबाडत राहतो.

पाऊण-एक सी.सी.च्या काही इंजिनांत पोलादी सिलिंडर आट्यांनीच केसमध्ये बसवलेला असतो. अशी केस व्हाइसमध्ये धरली तर दबून लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात. इंजिन त्याच्या कानांतून (बाजूच्या भोके असलेल्या पट्ट्यांतून) बोल्ट घालून लाकडी ठोकळ्यावर बसवावे, पिस्टन तळाशी न्यावा, केस तापवावी आणि पंख्यांना चामड्याची वादी गुंडाळून सिलिंडर डावीकडे फिरवावा. इथे पंखे म्हणजे सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या कडा.

एवढ्यानेही दाद मिळाली नाही, तर गाडीच्या रेडिएटरमधले कूलंट उपयोगी पडते. ग्लायकॉलचे आणि पाणी न मिसळलेले घ्यावे. जुन्या भांड्यात, विजेच्या शेगडीवर, घराबाहेर, ८० ते ९० अंशांवर तीन-चार तास ठेवले की तपकिरी थर सुटतो. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा वापरू नये, तो ॲल्युमिनियम खातो. नंतर गरम पाण्याने धुऊन लगेच सुकवावे आणि बेअरिंगला तेल द्यावे, नाहीतर रात्रीत गंज चढतो. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. भांडे स्वयंपाकात परत येता कामा नये, आणि उरलेले कूलंट अंगणात ओतू नये. मुले आणि कुत्री-मांजरे तिथे तोंड लावतात.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव