मशीन घेण्याआधी: शारजाहून भाऊला पत्र

शारजा, इंडस्ट्रियल एरिया

चि. भाऊस अनेक आशीर्वाद. ती. आईला आणि आप्पांना साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेलं फ्लेक्स छापायच्या दहा फुटी मशीनचं कोटेशन वाचलं. घाई करू नकोस. कोनिका हेडचं (हेड म्हणजे शाई फवारणारा भाग) सॉल्व्हंट शाईचं मशीन बॅनर-होर्डिंगचा ढीग उपसायला उत्तमच, पण ते स्वतःच पंधरा-सोळा फूट लांब असतं. मागून दहा फुटी रोल चढवायला मोकळी जागा लागते आणि शाईचा उग्र वास बाहेर काढायला दमदार एक्झॉस्ट. त्यात फ्लेक्सचं गिऱ्हाईक फुटामागे रुपया कमी मिळाला की पलीकडच्या दुकानात जातं. फ्लेक्स सध्या जॉबवर्कनं, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर, छापून आण. स्वतःकडे सहा फुटी इको-सॉल्व्हंट (सौम्य वासाच्या सॉल्व्हंट शाईचं मशीन) घे आणि दुकानांच्या पाट्या, विनाइल (मागे गोंद असलेला प्लास्टिकचा पापुद्रा), काचेवरचं छिद्रांचं वन-वे व्हिजन, फोमचे सनबोर्ड, गाड्यांचे स्टिकर ही कामं धर. ती कापून, चिकटवून, बसवून द्यावी लागतात, म्हणून दर टिकतो.

मशीन बघताना बाहेरचा पत्रा बघू नकोस, हेड बघ. एक्सपी६०० मॉडेलचं हेड स्वस्त, पण लवकर झिजतं. रोजचं काम असेल तर आय३२०० घे, आणि बिलावर ‘ई१’ लिहून घे. ए१ पाण्याच्या शाईचं, यू१ यूव्हीचं, ई१ इको-सॉल्व्हंटचं. तिन्ही दिसायला सारखीच असतात. ए१ मध्ये सॉल्व्हंट गेलं की आतला गोंद सुटतो आणि हेड फुकट जातं. हेड, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) आणि मेकॅनिक एका दिवसात सांगली-कोल्हापुरातून येत असतील तेच मशीन घ्यायचं.

मशीन येण्याआधी गाळ्यात स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घे. मीटरनं न्यूट्रल आणि अर्थ या तारांमधला व्होल्टेज मोज, २ व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग कच्चं असलं की बोर्ड आणि हेड दोन्ही जातात. ऑनलाइन यूपीएस हवाच. छापताना वीज गेली तर हेड वाहून नेणारी कॅरेज मध्येच उघडी थांबते आणि नोझल (हेडची शाईची बारीक छिद्रं) सुकायला लागतात, निदान तिला कॅपवर, म्हणजे हेड झाकणाऱ्या टोपीवर, नेऊन बसवण्याइतका वेळ मिळाला पाहिजे. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की स्टॅटिकमुळे (स्थिर विजेमुळे) अक्षरांच्या कडेला शाईची धूळ उडते. तेव्हा खोलीतला ओलावा ४० ते ६० टक्क्यांत ठेव. ह्युमिडिफायर नसेल तर निदान सकाळी ओला पोछा मार.

रोज पहिलं काम नोझल चेक, म्हणजे चाचणीच्या रेघा छापून बघणं. एकही रेघ तुटलेली असेल तर क्लीनिंग, मगच ऑर्डर. संध्याकाळी हेड पुसणारा वायपर स्वच्छ करून कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विडचे चार थेंब टाक. एका कंपनीच्या शाईवर दुसरीची ओतू नकोस, दोन शायांचं दही झालं तर डॅम्परपासून हेडपर्यंत सगळं बसतं.

छपाईत आडव्या पट्ट्या आल्या की मुलं लगेच हेड खराब म्हणतात. आधी पट्टीचा रंग बघ. पांढरी फट म्हणजे माल गरजेपेक्षा जास्त सरकतोय, गडद रेघ म्हणजे कमी सरकून हेडच्या दोन फेऱ्या (पास) एकमेकांवर चढताहेत. नोझल चेक स्वच्छ असेल तर स्टेप, म्हणजे माल सरकण्याचं माप, बदल, आणि प्रत्येक मालाचं सेटिंग वेगळं सेव्ह कर, कारण विनाइल आणि फ्लेक्स सारखे सरकत नाहीत. उभ्या कडा दुहेरी दिसत असतील तर तो बाय-डायरेक्शनचा दोष, म्हणजे हेडच्या जाता-येतानाच्या छपाईचा मेळ बसत नाही. प्रिंट हीटर ४० अंशांच्या आसपास ठेव. जास्त झाला की विनाइलची कड कुरळी होते, हेड तिला घासतं, आणि एवढ्यावरच हेड गमावणारी दुकानं खूप आहेत. कडेच्या क्लिपा लावल्याशिवाय प्रिंट सुरू करायची नाही, आणि जेवायला उठताना माल हेडखाली तापत ठेवायचा नाही.

लॅमिनेशनची, म्हणजे प्रिंटवर पारदर्शक फिल्म चढवायची, घाई तर अजिबात नको. प्रिंट हाताला सुकी लागते, पण आत सॉल्व्हंट असतं. रोल सैल गुंडाळून २४ तास उघडा ठेव. नाहीतर सॉल्व्हंट फिल्मखाली कोंडतं, गोंद मऊ करतं, आणि महिन्याभरात पाटीच्या कडा उचलतात. गिऱ्हाईक विनाइलला शिव्या देतं, चूक लॅमिनेशनची असते. गाडीच्या गोलाईवर साधं कॅलेंडर्ड (लाटून केलेलं) विनाइल लावू नकोस, ते ओढून बसवलं तरी मागे आक्रसतं. तिथे कास्ट (ओतून केलेलं) विनाइलच हवं, वरचं लॅमिनेशनही कास्टचं. इथे उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की गोंद हात लावताक्षणी पकडतो, माल सरकवता येत नाही. म्हणून बसवणी पहाटे करतात. तिकडेही एप्रिल-मेमध्ये तसंच कर.

फाइलचं सांगते. अरबी मजकुराची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरं सुटी होतात. मराठीचंही तसंच: ‘क्ष’, ‘र्क’, ‘त्त्व’ फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, जुना फॉन्ट नसेल तर सगळंच बदलतं. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांच्या कर्व्ह, म्हणजे आकृत्या, करूनच फाइल मशीनला पाठव, आणि त्याआधी गिऱ्हाईकाची प्रूफवर सही घे. पाटीवर मराठी इतर लिपीपेक्षा लहान नको, तसा महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायदाच आहे. ग्राहकाला आधी सांगितलंस तर पाटी दोनदा करावी लागणार नाही.

हिशेब चौरस फुटाचा, पण खर्च रोलच्या रुंदीचा. १० बाय ३ ची पाटी पाच फुटी रोलवर काढलीस तर बिल ३० फुटांचं आणि माल गेला ५० फुटांचा. तीन आणि चार फुटी रोल जवळ ठेव, उरलेल्या पट्टीत छोटे स्टिकर बसव. शाई चौरस मीटरला साधारण १० मिली धर, काळी-लाल भरीव पाटी असेल तर जास्त. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, स्वस्त माल कोणी आणून दिला तरी घेऊ नकोस.

उजेडाची पाटी करताना हिशेब असा: एलईडी पेटीत १०० मॉड्यूल (छोटे दिवे), प्रत्येकी दीड वॅट, म्हणजे १५० वॅट. तिथे २०० चा पॉवर सप्लाय लाव. काठोकाठ भार दिलेला सप्लाय पहिल्याच पावसाळ्यात जातो.

आणि एक कळकळीचं. उंच होर्डिंगचा लोखंडी सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय उभा करायचा नाही, ओळखीतला माणूस आग्रह करत असला तरी नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पडलेल्या होर्डिंगखाली १७ जण गेले. फ्लेक्स वारा झेलतो, भार सांगाड्यावर आणि पायावर जातो.

डेमोला जाताना आपला माल आणि फाइल घेऊन जा. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढायला लाव आणि दोन्ही कर्ण टेपनं मोज, दोन मिलीमीटरच्या वर फरक असेल तर माल तिरका ओढला जातोय. खाली फिक्या राखाडीची पट्टी आणि अगदी बारीक मराठी ओळ छाप. राखाडीत पट्ट्या किंवा मात्रेत शाई भरलेली दिसली तर सही न करता परत ये. फोटो मला लगेच पाठव.

वहिनीला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई